फरशीच्या आधी खड्डा

आमच्या वस्तीतल्या घरांना आता न्हाणीघर पाहिजे झालं आहे. पाहिजेच! केशोरीचा एक पोरगा मुंबईच्या गोदीत माल उचलतो, दुसरा नागपूरला सेंट्रिंगवर जातो, आणि चार पैसे साठले की पहिला विचार येतो न्हाणी-संडासाचा. याचं कुणाला हसू येत असेल तर त्यानं खुशाल हसावं. ज्यांच्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या तांब्याचा बंब तापला, त्यांना आतून लावायच्या कडीची किंमत काय कळणार? आमच्या मायबहिणींनी बांबूच्या तट्ट्याआड, अंगावरचं लुगडं न सोडता आंघोळ केली. अंधार पडेस्तोवर पोट दाबून ठेवलं. उजेड त्यांचा वैरी होता.

२ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत मिशन निघालं. संडासाला १२ हजार मिळाले. २०१८ साली महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. पण १२ हजारांत संडास आला, न्हाणी आली नाही. बाई आंघोळ कुठं करते, हा प्रश्न सरकारी कागदावर नव्हताच. आज तर प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. म्हणून भिंत पूर्ण, वर छप्पर, दाराला कडी. याला चैन म्हणायचं नाही.

इथवर आपलं एकमत आहे. पुढं माझं भांडण आपल्याच पोरांशी आहे.

दोस्तहो, तुम्ही पैसे घेऊन आधी जाता कुठं? टाईल्सच्या दुकानात. निळी घ्यावी का गुलाबी? नळ स्टीलचा का पितळेचा? आणि खाली काय बसवायचं, ते मिस्त्रीवर सोडता. मिस्त्री म्हणतो, "भाऊ, मोठा सेप्टिक टँक मारून टाकू, जन्मात भरणार नाही." गोदीत जहाज भरताना आधी तळाचं बघतात, मग वरचं. घराचंही तेच. जन्मात न भरणारा सेप्टिक टँक नसतो. खाली गाळ साचतच जातो, आणि एक दिवस तो उपसावा लागतो. तो कोण उपसणार? पाटलाचा पोरगा उतरणार आहे का? उतरणार तो आपल्यातलाच कुणीतरी, दारूचा घोट मारून, कमरेला दोर बांधून. आत विषारी वायू कोंडलेला असतो. माणूस आवाजही न करता जातो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो.

२०१३ च्या कायद्यानं माणसाला असा टाकीत उतरवणं गुन्हा केला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्याच्या वारसांना ३० लाख द्यायला सांगितले. चांगलं झालं. पण आपल्या अंगणात आपणच मरणाची टाकी बांधायची आणि मोर्चात घोषणा द्यायच्या, हे कसं चालेल? २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर आपल्या लोकांनी पाण्याला हात लावला तो माणूसपणासाठी. त्या पाण्यानं धुतलेला मैला पुन्हा आपल्याच माणसाच्या डोक्यावर द्यायचा?

यावर तोड आहे, आणि ती स्वस्त आहे. दोन शोषखड्ड्यांचा संडास. पाच-सहा माणसांच्या घराला मीटरभर रुंद, मीटरभर खोल असे दोन खड्डे पुरतात. एक भरला की मधल्या कुंडीतून मैला दुसऱ्यात वळवायचा. पहिला दोन वर्षं झाकून ठेवला की त्याचं कोरडं, बिनवासाचं खत होतं. ते घरमालकानं स्वतः फावड्यानं काढावं आणि धानाच्या बांधीत टाकावं. कुणाची जात त्यात उतरत नाही.

कुणी म्हणेल, घराला घर चिकटलेलं, दोन खड्ड्यांना जागा कुठं? रास्त आहे. पण खड्ड्यावर झाकण बसतं, वर अंगण तसंच राहतं. विहिरीपासून, बोरिंगपासून मात्र निदान दहा मीटर लांब. आपल्याकडं इटियाडोहाचं पाणी, भरलेल्या बांध्या, पावसाळ्यात जमिनीत पाणी वर येतं. तिथं खड्डा उथळ ठेवून वरून भर घालायची, अंतरही वाढवायचं. एवढीही जागा नसेल तर ग्रामपंचायतीत जाऊन गावठाणाची जागा मागा. ते भांडण करण्यासारखं आहे.

भांड्याचंही बघा. तीव्र उताराच्या खेड्यातल्या भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. शहरी भांडं आठ-दहा लिटर पितं. पाच माणसं दोनदा गेली की दिवसाला साठ लिटरचा फरक. म्हणजे चार बादल्या. नळाला पाणी नसेल त्या दिवशी त्या चार बादल्या कुणाच्या डोक्यावर? मायच्याच ना! जिचे गुडघे रोवण्यात गेले तिला बसायला उंच कमोड लागेल, तर तो जरूर बसवा, भिंतीला धरायला दांडी लावा. पण टाकी न लावता मगानं पाणी ओता. न्हाणीचं सांडपाणी संडासाच्या खड्ड्यात सोडू नका, त्याला वेगळा शोषखड्डा करा.

आणि सेप्टिक टँक आधीच बांधून झाला असेल तर? गाळ ओढायचं मशीन बोलवा. महाग पडलं तरी तेच बोलवा. माणूस उतरवायचा नाही. मशीनवाल्यालाही विचारा, हे ओतणार कुठं? नाल्यात म्हणाला तर परत पाठवा.

पैसे उरले तर टाईल्स लावा. गुलाबी लावा, मोराच्या लावा. आपल्या मायनं चकचकीत फरशीवर, कडी लावून, पोटभर पाणी अंगावर घ्यावं, यासाठीच तर आपण घाम गाळतो. फक्त त्या फरशीखाली कुणाचा पोरगा उतरणार नाही एवढं आधी बघा. मिस्त्रीला आधी खड्डा आखायला लावा.