रंगरेषांतून उपचार, पण कोणासाठी?

विशेष प्रतिनिधी, मुंबई

मनाचे दुखणे शब्दांत मांडणे सर्वांनाच साधत नाही. घरातील मारहाण, जातीवरून झालेला अपमान किंवा विस्थापन सोसलेली प्रौढ व्यक्ती समुपदेशकासमोर बसली तरी अनेकदा मूकच राहते. अशा वेळी चित्र, माती, ताल वा नृत्य यांच्या आधारे मनाला वाट करून देणारी पद्धत म्हणजे कलोपचार. क्षयरोगातून बरे होताना चित्रकलेचा गुण अनुभवलेले ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये या पद्धतीला नाव दिले.

आता तिला सामाजिक न्यायाची जोड मिळू लागली आहे. दुःखाचे मूळ केवळ मेंदूत वा स्वभावात नसते. गरिबी, जात, लिंगभेद आणि हिंसा यांतही ते असते, ही त्यामागील भूमिका. म्हणूनच ‘तुमच्यात काय बिघडले’ यापेक्षा ‘तुमच्यावर काय ओढवले’ हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. चित्राचा अर्थ सांगण्याचा पहिला हक्क ते काढणाऱ्याचा, आणि त्याच्या संमतीविना ते कोणालाही दाखवायचे नाही, हा दंडकही त्यातूनच येतो.

भारतात या विचाराचे ठळक उदाहरण म्हणजे ‘कोलकाता संवेद’. सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये स्थापन केलेली ही संस्था मानवी तस्करी व हिंसाचारातून सुटलेल्या स्त्रियांसाठी नृत्योपचाराचा अवलंब करते. ज्या देहाचा बाजार मांडला गेला, तो पुन्हा आपलासा वाटावा, हा त्यामागील हेतू. त्यातील काही जणी पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ‘संवेद’च्या सहकार्याने या विषयाचा पदविका अभ्यासक्रमही राबविला. पुण्यात ‘बापू ट्रस्ट’ने ‘सेहर’ उपक्रमातून कलाधारित उपचार गरीब वस्त्यांपर्यंत नेले.

कायदाही या भूमिकेपासून दूर नाही. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने जात, धर्म, वर्ग, लिंग वा लैंगिक कल यावरून भेदभाव न होता परवडणारी सेवा मिळण्याचा हक्क दिला. आरोग्य क्षेत्रातील संलग्न व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या कायद्याच्या अनुसूचीत कला व नृत्योपचारकांचाही उल्लेख आहे.

प्रश्न आहे तो अंमलबजावणीचा. बंगळुरूच्या ‘निमहान्स’ने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार असल्याचे आढळले. निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. साध्या औषधोपचाराचीच ही स्थिती असताना कलोपचार प्रामुख्याने स्वयंसेवी संस्था आणि शुल्क परवडणाऱ्यांपुरता उरला, तर नवल नाही. सत्राच्या शुल्कापायी आणि बुडणाऱ्या रोजापायी ज्याला दार बंद होते, त्याच्यासाठी न्यायाची भाषा पोकळच ठरते.

या पद्धतीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. तीव्र विकारांत ती औषधांना पूरक आहे, पर्याय नव्हे. चित्र काढून थकलेली मजुरी मिळत नाही, की उद्ध्वस्त झोपडी पुन्हा उभी राहत नाही. त्यासाठी उपचारकाला वकील, समाजसेवक आणि निवारागृह यांच्याशी दुवा जोडावाच लागेल. तसे न झाल्यास अन्यायाचे ओझे पुन्हा पीडिताच्याच मनावर टाकल्यासारखे होईल. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील शासकीय मनोरुग्णालयांत आणि वस्त्यांतील दवाखान्यांत प्रशिक्षित कलोपचारकांची पदे निर्माण होणे, हीच या विचाराची खरी कसोटी आहे.