तडीपार कुणाला करताय?

यात्रेसाठी सोनारीला आलो होतो. भैरवनाथाच्या देवळाकडे चालताना चुलतभावाच्या मोबाईलवर एमसी स्टॅन लागला होता. मागून चुलते ओरडले, "बंद कर रं ते. ना धड मराठी, ना धड हिंदी."

हेच वाक्य पुण्यातल्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या मित्रांकडूनही ऐकलंय, फक्त जरा शुद्ध मराठीत. म्हणून हे लिहितोय.

स्टॅन पुण्याचा. २०२०मध्ये त्याचा 'तडीपार' अल्बम आला, २०२२मध्ये 'इन्सान'. फेब्रुवारी २०२३मध्ये तो 'बिग बॉस'चा सोळावा सीझन जिंकला आणि बऱ्याच जणांना तेव्हा कुठे दिसला. चर्चा झाली ती गळ्यातल्या साखळीची आणि ऐंशी हजारांच्या बुटांची. अल्बममध्ये काय आहे, हे विचारावंसं फार कुणाला वाटलं नाही.

निदान नाव तरी वाचा. तडीपार. हा शब्द इंग्रजी नाही, हिंदीतूनही आलेला नाही. तडी म्हणजे काठ. १९५१च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं, त्याला आपण तडीपार म्हणतो. आपण हा शब्द बातमीत वाचतो. वस्तीतल्या पोरांना तो शेजारच्या घरातून माहीत असतो. त्याच्या आणखी एका गाण्याचं नाव 'नुसता पैसा'. यातला 'नुसता' कुठून आला, सांगा.

आता 'धड'बद्दल. सोनारी परंडा तालुक्यात. हा भाग १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथल्या बाजारात मराठी आणि दखनी एकमेकींत मिसळूनच बोलल्या गेल्या. चुलते स्वतः बागवानाशी भाव करताना ज्या भाषेत बोलतात, ती ना धड मराठी, ना धड हिंदी. एकनाथांनी सोळाव्या शतकात 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यातला तुर्क दखनी वळणाचंच बोलतो. ते आपण संतसाहित्य म्हणून अभ्यासतो. पुण्याच्या वस्तीतला पोरगा तशीच सरमिसळ करून बोलला की भाषा बिघडते. असं कसं?

शिव्यांचं काय, बायकांबद्दल तो जे बोलतो त्याचं काय, हा प्रश्न खरा आहे. त्याच्या गाण्यांत बाईबद्दलचा तिरस्कार आहे आणि त्याच्या चाहत्यांनी, म्हणजे आम्हीही, त्यावर गप्प बसणं हा भेकडपणा आहे. पण ती टीका करायला आधी गाणी ऐकावी लागतात, नीट, शब्द न् शब्द. "हे आपलं नाहीच" म्हटलं की ऐकायचीही गरज उरत नाही आणि जाब विचारायचीही. सगळ्यांचीच सोय.

आणि आपण तरी काय ऐकतो? तीस सेकंदांचं रील. त्यात माज येतो, साखळी येते. माजाच्या मागची भीती, गरिबी, आईबापाची काळजी कापली जाते. सिंगल हिट होतं, अल्बम पडून राहतो.

मराठी टिकवायची म्हणून आपण गळे काढतो. आणि ज्या पोरांच्या तोंडी ती अजून रस्त्यावर जिवंत आहे, त्यांनाच तिच्या हद्दीबाहेर काढतो. चुलत्यांना मी एवढंच म्हणालो, "आण्णा, एकदा पूर्ण ऐका. मग घाला शिव्या."

मित्रांनाही तेच सांगणं आहे.