पाणी आले, आता मातीचे काय?

दुष्काळी तालुक्यात पाणी पोहोचले की प्रश्न मिटला, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांमुळे कृष्णेचे पाणी फिरू लागले. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ ही नावे एकेकाळी टँकर आणि चारा छावण्यांच्या बातम्यांतच भेटत. आज तिथल्या कित्येक शिवारांत उसाचे फड उभे आहेत. या बदलाचा आनंद कोणालाही व्हावा. पण हे पाणी ज्या मातीवर पडते आहे, तिचा विचार कोणी करायचा?

या एका जिल्ह्यात मातीची किती रूपे आहेत! पश्चिमेला शिराळ्याच्या डोंगरउतारावर पाऊस भरपूर. तिथे भात पिकतो. वाळवा, पलूस आणि मिरजेच्या नदीकाठच्या पट्ट्यात कृष्णा-वारणेने आणून टाकलेली खोल काळी जमीन आहे. पूर्वेकडे जावे तसा पाऊस कमी होतो, मातीचा थर पातळ होत जातो आणि वीत-दोन वीत खणले की मुरूम लागतो. बाजरी, मटकी, हुलगा ही तिथली पिढीजात पिके.

काळ्या जमिनीचा आपल्याला कोण अभिमान! तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. पावसाचे पाणी ती महिनोन्महिने धरून ठेवते, म्हणूनच केवळ ओलीवर शाळू पिकतो. हाच गुण बारमाही पाण्याखाली दोष ठरतो. पाण्याचा निचरा होत नाही, भूजल वर येते आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे क्षार पृष्ठभागाकडे चढतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. प्रथम जमिनीवर पांढरा थर दिसतो, ती खारवट होते. पुढे सोडियम मातीच्या कणांना चिकटला की ती चोपण बनते; ओली असताना चिखल, वाळली की दगड. कृष्णाकाठी एकेकाळी उसाचे विक्रमी उत्पन्न देणाऱ्या कित्येक रानांत आज गवतही धड उगवत नाही.

हे संकट अचानक आलेले नाही. नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला आणि काही दशकांतच बारामती परिसरातल्या जमिनी खारावू लागल्या. इंग्रज सरकारच्या अभियंत्यांनी 1920 च्या दशकात निचऱ्याचा कसून अभ्यास केला. म्हणजे धडा शंभर वर्षांचा जुना आहे. गिरवला मात्र नाही.

याउलट पूर्वेची माळरानाची जमीन पाहा. पाणी धरत नाही म्हणून ती हलकी ठरली. पण मुळांशी पाणी साचत नाही, हेच द्राक्षाला मानवते. डाळिंबाचा बहार धरायचा तर झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो, आणि तो हलक्या रानात सहज देता येतो. तासगावची द्राक्षे, आटपाडीची डाळिंबे याच मातीतून आली. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात या मुरमाड जमिनीचाही वाटा आहे. जिला नापीक म्हटले, तिनेच घरे उभी केली.

आता पाणी आल्यावर या जमिनीवरही ऊस चढतो आहे. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण द्राक्षबाग एका अवकाळी पावसात जाते आणि उसाला कारखाना ठरलेला भाव देतो, हे तो जाणतो. अडचण अशी की, हलक्या रानात पाटाने दिलेले पाणी खते आणि क्षार घेऊन खाली झिरपते आणि ओढ्याकाठच्या खोल जमिनीत साठते. वरच्याचे पाणी, खालच्याचे मीठ! भावकीत नवे भांडण लागायला एवढे पुरेसे आहे.

जुन्या माणसांना माती कळत होती. हरिपूरला जमिनीत पेवे खणून हळद वर्षानुवर्षे साठवली जाई, कारण तिथली माती ओल आत येऊ देत नसे. 2005 च्या महापुराने त्यांतली बहुतेक पेवे निकामी केली. ते शहाणपण तरी जायला नको.

उपाय नाहीत असे नाही. मृद आरोग्य पत्रिकेची योजना 2015 पासून आहे. ती पत्रिका कपाटात ठेवण्यासाठी नसते. ठिबक, ताग-धैंचाचे हिरवळीचे खत, चोपण जमिनीला जिप्सम हे सारे माहितीचे आहे. पण जमिनीखालून सच्छिद्र नळ्या टाकून निचरा करायचा तर एकट्याने भागत नाही. ते पाणी शेजाऱ्याच्या बांधावरून ओढ्यापर्यंत न्यावे लागते. शेजारच्या शिरोळ तालुक्यात साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले आणि क्षारपड जमिनी पुन्हा पिकू लागल्या. तिथे जे जमले, ते इथे का जमू नये?

उपसा योजनेच्या विजेचा हिशेब सरकार ठेवते, पाणीपट्टीचाही ठेवते. निचऱ्याचा खर्च मात्र कोणत्याच हिशेबात धरला जात नाही. पूर्व भागाने पाण्यासाठी दोन पिढ्या वाट पाहिली. त्याच पाण्याने तिसऱ्या पिढीची जमीन जाऊ नये, एवढी खबरदारी आजच घ्यायला हवी. कालवा दुरुस्त करता येतो. वीतभर माती तयार व्हायला हजारो वर्षे लागतात.