पोलिसांची टाकाऊ रायफल नको, कामाची गोळी द्या



रानडुकराचा विषय निघाला की बैठकीत एक मागणी हमखास उठते : पोलिसांनी टाकून दिलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफली आम्हाला द्या. टाळ्याही पडतात. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० ला या रायफलीला निरोप दिला. तशा त्या वावरात आल्या की डुक्कर संपेल, असा हा हिशेब. हिशेब चुकला आहे. आणि चुकीची मागणी सरकारच्या सोयीची असते, कारण ती फेटाळायला एक ओळ पुरते.

ती ओळ अशी : थ्री-नॉट-थ्री हा प्रतिबंधित बोअर आहे. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय तो कोणाला मिळत नाही. मग तीच रायफल असो की १९४४ ची आखूड जंगल कार्बाइन.

पण कायदा बाजूला ठेवा, गोळीकडे पाहा. लष्करी गोळीला धातूचे कडक कवच असते. सुमारे ११ ग्रॅमची ही गोळी सेकंदाला ७४० मीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि डुकरातून आरपार जाते. जखमी डुक्कर पऱ्हाटीत शिरते आणि सकाळी कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर येते. आरपार गेलेली गोळी तर किलोमीटरच्याही पुढे जाते. तिकडेही कोणी जागल करत असतो! शिवाय जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतले क्षार नळीत ओल धरतात. गरम पाण्याने नळी धुतली नाही तर ती गंजते.

शिकारीची गोळी वेगळी. तिचे टोक उघड्या मऊ शिशाचे असते. ते अंगात शिरताच पसरते, सगळा जोर तिथेच खर्ची पडतो, जनावर जागीच पडते. अशा गोळ्या कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यात निघाल्या आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात त्यांना बंदी झाली. माणसावर जी क्रूर ठरली तीच जनावराच्या बाबतीत दयेची आहे, कारण ते तडफडत राहत नाही. आपल्याकडे सरकारी कारखान्यांची .३१५ बोअरची रायफल परवान्यावर मिळते, तिला मऊ टोकाची गोळी चालते. रायफलीसाठी सबळ कारण मात्र दाखवावे लागते.

शेतकऱ्याच्या हक्काची बंदूक दुसरीच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्यास सांगते; ती अपुरी पडते अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर बारा बोअरसारखी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. अर्जात हे कलम लिहा. आपण मागायचे ते हे.

आणि बंदूक मिळाली म्हणजे काम झाले असे नाही. पाखरांचे बारीक छर्रे डुकरावर झाडू नका. थोराड नराच्या खांद्यावरचे जाड कातडे ते अडवते, जनावर फक्त चवताळते. डुकराला एलजीचे मोठे छर्रे, तेही पंचवीस-तीस पावलांच्या आत, किंवा एकच शिशाची गोळी. ओलीने फुगलेले, पितळेवर हिरवा चढलेले काडतूस वापरू नका. घोडा पडून बार उडाला नाही तर नळी मोकळ्या जमिनीकडे धरून अर्धा मिनिट थांबा, मगच बंदूक उघडा. ठासणीची दारू पावसाळ्यात गठ्ठा होते. ती कोरडी ठेवा. आणि कुंपणात वीज सोडणे, गावठी बॉम्ब पुरणे बंद करा. त्यात डुकराआधी माणूस मरतो.

आता सरकारला विचारू. वन्यजीव कायद्याचे कलम ११ उभ्या पिकाला धोकादायक ठरलेले डुक्कर मारायला लेखी परवानगी देते. कागद देता, मग ठासणीच्या बंदुकीने शेतकऱ्याने काय करावे? टी-१ वाघिणीसाठी सरकारने बाहेरून नेमबाज आणले. २ नोव्हेंबर २०१८ ला बोराटीच्या जंगलात ती मारली गेली. त्या प्रकरणाचा वाद वेगळा, पण बंदूक, गोळी, माणूस सारे सापडले. रोज रात्री ज्वारी आडवी करणाऱ्या डुकरासाठी काहीच कसे सापडत नाही? २०२४ ची विधानसभा आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला झाले. ऐन बोंडे फुटण्याचे दिवस. अशा वेळी पीकसंरक्षणाची बंदूक ठाण्यात जमा करायला लावणे म्हणजे डुकराला वावर मोकळे करून देणे.

म्हणून तीनच मागण्या :

१. कलम १३ प्रमाणे बारा बोअरच्या अर्जांवर मुदतीत निर्णय, नकार दिला तर लेखी कारण.

२. एलजी आणि गोळीची ताजी काडतुसे तालुक्याच्या ठिकाणी, आणि परवानाधारकाला निशाण्याचे व सुरक्षिततेचे शिक्षण.

३. निवडणुकीत पीकसंरक्षणाच्या बंदुकांना छाननी समितीने जमा करण्यातून सूट द्यावी.

परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय बार काढू नका. मेलेले जनावर सरकारचे असते, त्याची खबर वनखात्याला द्या. कायदा पाळणाऱ्याचाच आवाज तहसीलीत चढतो.