वरकस जमीन ओसाड नव्हे

भाताच्या खाचरास तेवढें जमीन म्हणावयाचें आणि वरच्या उतारास ओसाड, अशी समजूत आपल्या भिवंडी-वाडा भागांत बळावत चालली आहे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां मींही सात-बाराच्या उताऱ्यावर ‘वरकस’ हा शब्द शेंकडों वेळां लिहिला. त्याचा अर्थ मात्र गणेशपुरीच्या बाजूचा घरचा उतार विकल्यावरच मला कळला.

ठाणें जिल्ह्यांत भातजमिनीच्या जोडीस वरकस असे, तें उगाच नव्हे. ऐनाचा पाला व गवत राबासाठीं, चारा गुरांसाठीं आणि नाचणी-वरी घरासाठीं तेथूनच येई. कांहीं वर्षें पीक घेऊन तुकडा विसांव्यास सोडीत. माणूस आणि रान यांची वांटणी अशी एकाच खात्यांत झालेली होती. आमच्या उतारास कुंपण पडलें, तशी चाऱ्यावांचून गुरें विकावीं लागलीं, आणि खाचरास शेणखतही उरलें नाहीं.

सन २०२२ मध्यें माँट्रियल येथील परिषदेंत, २०३० पर्यंत पृथ्वीवरील जमीन व समुद्र यांचा ३० टक्के भाग निसर्गासाठीं राखावा, असें राष्ट्रांनीं ठरविलें. ध्येय उत्तम आहे. मात्र त्यापायीं एक-दोन एकरवाल्या कुणब्या-वारल्याची जमीन कमी करण्याचें कोणी मनांत आणूं नये. त्याचा राखलेला वरकस हाच निसर्गाचा वांटा होय. शेजारचें तानसा अभयारण्य १९७० पासून आहे. तेथें २०१४ सालीं दुर्मिळ रानपिंगळा आढळला. परंतु पाखरें नकाशावरची सीमा जाणत नाहींत. अभयारण्याबाहेर त्यांस आसरा आहे तो आपल्या उतारांवरील झाडांचा.

दोष आपलाही आहे. राबासाठीं ऐन बोडका करणें म्हणजे रान राखणें नव्हे. चारसूत्री पद्धतींत रोपांच्या गादीवाफ्यास भाताच्या तुसाची काळी राख देतात, आणि बांधावरील गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळीं गाडतात. खाचराचें उत्पन्न असें वाढविलें, तर उतारास विसांवा मिळेल.

आपल्या संघानें गवताची एकत्रित विक्री पत्करावी, म्हणजे उतार राखणाऱ्याच्या हातांत चार पैसे पडतील. अडचणीपायीं कोणी वरकस विकील, त्यास मी नांवें ठेवणार नाहीं. मींही विकलाच आहे. परंतु निरुपयोगी समजून कोणी तो विकूं नये, इतकीच शेतकरी बंधूंस विनंती आहे.