पाळणं कशाला म्हणायचं?

गेल्या महिन्यात आमच्याकडे जेवायला आलेल्या एका साहित्यप्रेमी स्नेह्यांनी माझ्या दहा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं. पडद्यावर तिचं मांजराचं पिल्लू होतं. नाव चिंधी. चिंधीची आंघोळ चालू होती. स्नेही म्हणाले, "या पिढीला खऱ्या मांजराला हात लावायला नको, खोट्याला मात्र साबण लावतील!" सगळे हसले. मुलगीही ओशाळून हसली आणि तिनं लॅपटॉप मिटला. त्या हसण्याला मला उत्तर द्यायचं आहे. त्या रात्री ते सुचलं नाही, म्हणून इथे देते.

पहिला प्रश्न असा, की खऱ्या मांजराला हात लावायचा कुठे? आम्ही महादेवपुऱ्यात भाड्यानं राहतो. भाडेकरारात एक ओळ ठळक अक्षरांत आहे: पाळीव प्राणी चालणार नाहीत. दोन वर्षांपूर्वी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये एक मांजर व्यायली. रखवालदार बशीत दूध ठेवायचा, माझी मुलगी शाळेतून आली की आधी तिकडे धावायची. आठवड्याभरात लिफ्टमध्ये कागद लागला, 'आवारात प्राण्यांना खाऊ घालू नये.' मग एका सकाळी पिल्लंही नव्हती आणि बशीही नव्हती. कोणी नेली, कुठे सोडली, हे विचारल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

कायद्याचं म्हणाल तर भारतीय पशुकल्याण मंडळानं 2015 मध्येच सांगून ठेवलं आहे, की रहिवासी संघटनांना पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी तर आवारातल्या मोकळ्या जनावरांच्या खाण्याची सोय करणं रहिवासी संघटनांवरच सोपवलं आहे. पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या माणसानं हे नियम कोणाच्या तोंडावर फडकवायचे? बाराव्या महिन्यात घर शोधायला तोच निघणार असतो. तेव्हा मुलांच्या हातातली खरी मांजरं आपण मोठ्यांनी काढून घेतली आणि मग त्यांच्या हातात खोटी मांजरं आहेत म्हणून आपणच हसलो. चोरी करून वर शिरजोरी म्हणतात ती हीच.

दुसरा मुद्दा 'खोट्या'चा. कादंबरीतल्या माणसाच्या मरणानं ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांनी खोट्यावर माया केली म्हणून मुलांना नावं ठेवू नयेत. भातुकलीत चुरमुऱ्यांचा भात व्हायचा, बाहुलीच्या लग्नात खरोखरचे रुसवेफुगवे व्हायचे. त्या भाताला कोणी खोटा म्हटलं नाही. चिंधीची आंघोळ ही भातुकलीच आहे. मुलगी तिच्याशी मराठीत बोलते, आणि तिच्या दिवसातलं सगळ्यात लाडाचं मराठी तेच असतं. इंग्रजी शाळा, कन्नड लिफ्ट आणि हिंदी मैदान यांच्यामध्ये ते मराठी कुठून टिकलं असतं, हे मला माहीत नाही.

म्हणजे या खेळांवर माझा काहीच आक्षेप नाही, असं समजू नका. आक्षेप आहे, आणि तो स्नेह्यांच्या आक्षेपापेक्षा जड आहे.

शेजारची कन्नड मुलगी चिंधीला 'बेक्किन मरी' म्हणते. बेक्कु म्हणजे मांजर आणि मरी म्हणजे पिल्लू. मराठी कानाला त्या शब्दात मरण ऐकू येतं, मरीआई आठवते. चिंधी मात्र मरत नाही. तीन दिवस उपाशी ठेवा, ती डोळे मोठे करून बघत राहते. मरण तिच्यातून काढून टाकलेलं आहे. ही गोष्ट मुलांच्या कोवळ्या मनाची काळजी म्हणून सांगितली जाते. मला ती काळजी वाटत नाही.

थोडा इतिहास बघा. नोव्हेंबर 1996 मध्ये जपानच्या बांदाई कंपनीनं तामागोत्ची बाजारात आणलं. अंड्याच्या आकाराचं, किल्लीच्या जुडग्याला अडकवता येईल एवढं खेळणं. त्यातल्या जिवाला वेळेवर भरवायचं, त्याची घाण काढायची. हयगय केली तर तो मरायचा. अकी माइता आणि अकिहिरो योकोई यांना त्याबद्दल 1997 साली अर्थशास्त्राचं इग नोबेल मिळालं. लाखो माणसांच्या कामाचे तास नसलेल्या जनावरांच्या संगोपनाकडे वळवल्याबद्दल! जगही तेव्हा आमच्या स्नेह्यांसारखंच हसलं. पण अनुवादकानं लक्ष द्यावं अशी गोष्ट वेगळीच आहे. जपानी तामागोत्ची मेला की पडद्यावर भूत आणि थडगं दिसायचं. इंग्रजी आवृत्तीत त्या जागी देवदूत आला. खेळण्यातल्या मरणाचा हा अनुवाद होता, आणि अनुवादात मरण सौम्य झालं. तरीही ते मरणच होतं. पोरांना कळायचं, की आपण जेवण चुकवलं आणि एक जीव गेला.

पुढच्या खेळांत देवदूतही उरला नाही. स्लोव्हेनियात जन्मलेला 'माय टॉकिंग टॉम' हा बोका 2013 पासून जगभरच्या मुलांच्या हातात आहे. त्याला भरवतात, न्हाऊ घालतात, झोपवतात. तो मरत नाही. 2017 मध्ये त्याची कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरना विकली गेली. माझा आरोप या एका बोक्यावर नाही, साऱ्या धंद्याच्या हिशेबावर आहे. मेलेलं पिल्लू टोपी विकत घेत नाही, जाहिरात बघायला लावत नाही. भुकेलं पिल्लू हे सगळं करवतं. म्हणून त्याला कायम अर्धपोटी ठेवायचं. कायम अर्धपोटी ठेवलेलं जनावर आणि त्याच्या अपराधी भावनेनं बांधलेलं मूल, असा हा सौदा आहे.

हे मी इतक्या ठामपणे सांगू शकते, कारण या सौद्यात माझे हात बुडालेले आहेत. चार वर्षांपूर्वी एका एजन्सीमार्फत अशाच एका खेळाचं मराठी मी केलं. दर शब्दामागे पैसे. हिंदीवरून ओढून आणलेला कच्चा मजकूर समोर होता: 'मी भूका आहे', 'तुम्ही मला विसरलात का?' मांजराचं पिल्लू एका पोराला बँकेच्या पत्रासारखं अहोजाहो करत होतं. कारण सरळ होतं. 'विसरलास' की 'विसरलीस' हे ठरवायला खेळणारा मुलगा की मुलगी ते ठाऊक नाही, म्हणून 'विसरलात'. पिल्लाचं नाव घालायच्या रिकाम्या जागेला 'ला' चिकटवलेला होता. कोणी नाव 'बोका' ठेवलं, की पडद्यावर 'बोकाला भूक लागली' येणार. मराठीत बोक्याला भूक लागते, हे यंत्राला कोण सांगणार?

मी कामाला लागले. मराठीत भूक ही लागणारी गोष्ट आहे आणि आठवण ही येणारी. 'मला भूक लागलीय' म्हणताना बोलणारा बोका आहे की भाटी, हे सांगावं लागत नाही. क्रियापद भुकेच्या मागे जातं. 'माझी आठवण नाही का आली?' असं विचारलं, की मुलगा-मुलगीचा पेच सुटतो आणि अहोजाहोही जातं. मला फार आनंद झाला होता. एजन्सीनं कौतुक केलं. सूचनापत्रात लिहिलेलंच होतं, की या ओळींनी खेळणाऱ्याला जबाबदारीची जाणीव व्हायला हवी.

रात्री नऊला एखाद्या मुलाच्या उशाशी 'माझी आठवण नाही का आली?' असं उमटत असेल, हा विचार मला तेव्हा आला नाही. 'तुम्ही मला विसरलात का?' या वाक्यावर कुठलंही मराठी मूल हसलं असतं आणि झोपलं असतं. वाईट मराठी हे त्याचं संरक्षण होतं. मी चांगलं मराठी लिहून ते काढून घेतलं. आपल्या भाषेत सगळं यायला हवं, असं आपण व्यासपीठांवर म्हणतो. तिच्यात काय येतं आहे आणि कोणाच्या गळ्याला लागतं आहे, हेही त्याच तोंडानं विचारायला हवं. एजन्सीचं तसलं काम मी त्यानंतर घेतलेलं नाही. त्या ओळी परत घेता येत नाहीत.

असले खेळ वेगळ्या प्रकारे होऊ शकतात. 2014 मध्ये आलेल्या 'नेको आत्सुमे' या जपानी खेळात अंगणात खाणं ठेवायचं आणि वाट पाहायची, एवढंच. मांजरं येतात, खातात, जातात. ती तुमची नसतात आणि तुमच्यावर रुसतही नाहीत. 2015 मध्ये इंग्रजी आवृत्ती येण्याआधी जपानीचं एक अक्षर न कळणारे लोकही तो खेळत होते. माझ्या आजीच्या घरी मांजर असंच होतं. तिनं ते पाळलं, असं ती कधी म्हणाली नाही. "येतं आपलं," म्हणायची.

मराठीत आपण जनावर पाळतो, तसा शब्द पाळतो, वेळ पाळतो, सुतकही पाळतो. या सगळ्या पाळण्यांत स्वतःला बांधून घेणं आहे, आणि कुठेतरी ते संपणंही आहे. माझी मागणी एवढीच, की खेळातल्या पिल्लाला शेवट असू द्या. नाहीतर निदान रात्री झोपू द्या, आणि त्याच्या भुकेवर दुकान थाटू नका. आणि मोठ्यांनी आधी लिफ्टमधला तो कागद काढावा.

स्नेह्यांना परवा फोन केला. त्यांचं घर स्वतःचं आहे, सोसायटीच्या समितीवर ते आहेत. त्यांच्या आवारात मांजरांना खाऊ घालायला परवानगी आहे का, असं विचारलं. ते म्हणाले, "अगं, तो विषय वेगळा."

विषय तोच आहे.