हाडांनाही कळतं बरं का!

मैत्रिणींनो, ज्वारीची भाकर खाताना दाताखाली बारीकसा खडा आला, की जबडा कसा जागच्या जागी थांबतो! मुळाभोवती तंतूंचं एक पातळ अस्तर असतं, जेमतेम पाव मिलिमीटरचं. झोळीत मूल असावं तसा दात त्यात टांगलेला असतो. त्या अस्तरातल्या मज्जातंतूंना दातांत आलेला केससुद्धा कळतो.

माझ्या मुलीच्या दातांना तार लावली, तेव्हा डॉक्टरांनी समजावलं, "दात ज्या बाजूला ढकलला जातो, तिकडचं हाड झिजून वाट देतं. मागे मोकळ्या झालेल्या जागी नवं हाड भरतं. म्हणून घाई करायची नाही."

ते ऐकताना घरी खुब्याच्या ऑपरेशननंतर पडून असलेल्या सासूबाई डोळ्यांपुढे आल्या. जन्मभर विहिरीचं पाणी ओढलेलं, कापूस वेचलेला. यवतमाळला आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा मी हौसेनं त्यांच्या हातातलं प्रत्येक काम काढून घेतलं. "मले असं बसवून नोको ठेवू वं," त्या म्हणायच्या. मी हसण्यावारी न्यायची. दोन वर्षांनी न्हाणीघरात नुसता पाय घसरला, आणि खुबा मोडला. वय होतंच, पण माझ्या मायेचाही त्यात वाटा असावा, असं आता वाटतं.

जसा भार, तशी हाडाची घडण, हे जर्मन डॉक्टर यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं. हाडात जिवंत पेशींचं जाळं असतं. भार पडला की हाड किंचित वाकतं, आतल्या बारीक पोकळ्यांतला द्रव हलतो आणि पेशींना कळतं, इथे बळकटी हवी. भारच नसेल तर शरीर हाड कमी करतं. अंतराळात शरीराचं वजन पेलावं लागत नाही; तिथे व्यायाम पुरेसा झाला नाही, तर खुब्याचं हाड महिन्याला १ टक्क्याहून जास्त घटू शकतं!

पाळी थांबल्यावर आपलीही हाडं झपाट्यानं झिजतात. म्हणून आत्तापासूनच रोज भरभर चाला, जिना चढा, हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठा. हाडं आधीच ठिसूळ असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. काढलेल्या दाताची जागाही वर्षानुवर्षं रिकामी ठेवू नका. तिथलं हाड खचतं, शेजारचे दात कलतात. आणि आपल्या जिल्ह्यात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्यानं हाडं दाट दिसली तरी बळकट होत नाहीत. तेव्हा पाणी तपासून घ्या.

सासूबाई आता वॉकर धरून तुळशीपर्यंत जातात. पाणी त्याच घालतात. तांब्या जरा थरथरतो. माझा हात पुढे होतो, पण मी तो मागे घेते.